वेल्लोरच्या पुनर्वसन संस्थेविषयी माहिती हवी आहे

कातळवाट: माझे मेहुणे गेल्या हंगामात आंबे उतरवताना झाडावरून पडले. मणक्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली, परंतु कमरेखाली संवेदना नाही, आणि घरी सोडताना ‘फिजिओथेरपी चालू ठेवा’ याखेरीज आम्हांला काहीच सांगण्यात आले नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची अशा रुग्णांसाठी वेगळी पुनर्वसन संस्था आहे असे कळते. ती कशी उभी राहिली, तेथे नेमके काय करतात आणि रत्नागिरीहून इतक्या लांब जावे का, हे जाणकारांनी सांगावे.

जुना वाचक: या संस्थेचे मूळ एका अपघातात आहे. तेथील तरुण डॉक्टर मेरी वर्गीस १९५४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर प्रवास करीत असताना गाडीला अपघात झाला आणि त्यांचे कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. कुष्ठरुग्णांच्या वाकलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड तेव्हा वेल्लोरला होते. हाताची शस्त्रक्रिया बसूनही करता येते हे त्यांच्या पाठिंब्याने मेरीबाईंनी करून दाखवले. पुढे न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत शिकून त्यांनी वेल्लोरच्या पुनर्वसन विभागाची धुरा घेतली आणि १९६६ मध्ये शहराबाहेर बागायम येथे रुग्णांना दाखल करून घेणारी संस्था सुरू झाली. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला मात्र त्याहून मोठे वाटते ते हे, की विभागप्रमुखच चाकांच्या खुर्चीतून वॉर्डात येत असताना ‘आता माझे काय’ असे विचारणाऱ्या रुग्णाला निराळे उत्तर द्यावे लागत नसे.

सोनचाफा: माझ्या यजमानांना घेऊन मी तेथे राहिले आहे. ‘चालवतात का?’ या एकाच प्रश्नासाठी जाऊ नका. काहींना कॅलिपर (पायांना आधार देणाऱ्या पट्ट्या) लावून उभे करतात, पण खरा भर लघवी, शौच आणि त्वचा सांभाळण्यावर असतो, कारण मूत्रपिंडाचा संसर्ग आणि एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा यांनी असे बरेच रुग्ण दगावतात. ठरावीक वेळी स्वतः नळी घालून लघवी काढणे, हातांवर जोर देऊन बैठक क्षणभर उचलणे, आरसा धरून मागची कातडी तपासणे, हे सारे ह्यांनी तेथे शिकून घेतले. रात्री दर दोन तासांनी कूस बदलून देणे मी शिकले. जोडीला ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामे पुन्हा स्वतः करण्याचा सराव, असते आणि कृत्रिम अवयवांची कार्यशाळाही आहे. जुने रुग्ण ‘रिहॅब मेळ्या’ला तपासणीसाठी पुन्हा येतात. संस्था धर्मादाय असली तरी सारे फुकट असते असे समजू नये. ऐपत नसल्यास सवलतीबद्दल तेथील समाजसेवकांशी आधीच बोलावे.

हार्बर लाइन: आधी मुंबईला हाजी अलीचे केंद्र सरकारचे पुनर्वसन रुग्णालय पाहा, ते १९५५ पासून चालू आहे आणि तुम्हांला जवळ पडेल. खडकीचे केंद्र मुख्यतः जवानांसाठी आहे. कोठेही जा, पण तोवर हवेची गादी आणा आणि घरातले दरवाजे मोजून ठेवा.

कातळवाट: सर्वांचा आभारी आहे. न्हाणीघराचा दरवाजा मोजला, २२ इंच भरला. खुर्ची त्यातून जाणार नाही. उद्या गवंड्याला बोलावले आहे. सोनचाफाताई, मेहुण्यांच्या टाचेवर कालपासून लालसर डाग दिसतो आहे, तो दाबल्यावरही पांढरा होत नाही. हाजी अलीची वाट न पाहता येथेच दाखवावा ना?

सोनचाफा: आजच दाखवा, आणि तोवर टाच गादीला टेकू देऊ नका, पोटरीखाली उशी ठेवा.