चिनी राशिचक्राची नाणी : जानेवारीतल्या जन्माला कोणता प्राणी धरावा?

प्रश्न
आम्ही सिंगापूरला असताना १५ जानेवारी २०१२ रोजी आमच्या मुलीचा जन्म झाला आणि आठवण म्हणून मी ऑस्ट्रेलियातल्या पर्थ टांकसाळीचे ड्रॅगनचे एक औंसाचे चांदीचे नाणे घेतले. आता तिला स्वतःलाच बाराही प्राण्यांचा संच जमवायचा आहे. सुरुवात कोठून करावी? नाण्यावर दुधाळ ठिपके पडले आहेत, ते देवघरातल्या चांदीसारखे टूथ पावडरने घासून काढता येतील का?

उत्तर १
प्रथम एक दुरुस्ती सुचवतो. चिनी राशिचक्रात प्रत्येक वर्ष बारांपैकी एका प्राण्याचे असते. हे वर्ष जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येणाऱ्या अमावास्येच्या दिवशी लागते आणि २०१२ मध्ये तो दिवस २३ जानेवारी होता. आपल्याकडे जानेवारीत जन्मलेल्या बाळाच्या पत्रिकेत जसे आदल्या पाडव्याला लागलेलेच संवत्सर लिहितात, तसेच येथेही आहे. म्हणून मुलीचा प्राणी ड्रॅगन नसून २०११ चा ससा आहे. नाण्यावर इसवी सन असल्यामुळे ही गल्लत फार जणांची होते. ड्रॅगन मात्र अवश्य जपून ठेवा, कारण तो पर्थच्या दुसऱ्या मालिकेतला आहे आणि संचात लागणारच आहे. ही मालिका २००८ च्या उंदरापासून २०१९ च्या डुकरापर्यंत चालली. तिच्यातल्या एक औंसाच्या चांदीच्या नाण्याचा व्यास ४५.६ मिमी आहे, तर २०२० पासूनच्या तिसऱ्या मालिकेतले नाणे सुमारे ४१ मिमीचे आहे, त्यामुळे दोन्ही मालिका मिसळल्यास संच एकसारखा दिसत नाही.

उत्तर २
कृपया घासू नका. ठिपके जाणार नाहीत. उलट आरशासारख्या पृष्ठभागावर बारीक चरे उमटतील आणि ते कायमचे राहतील. नाणे कडेला धरून उचलावे आणि मापाच्या कडक कॅप्सूलमध्ये, म्हणजे नाण्यांच्या पारदर्शक डबीत, ठेवावे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटाने माझ्या एका नाण्यावर हिरवट चिकट थर आला होता. उरलेली नाणी घेताना वजन ३१.१ ग्रॅम भरते का, हे पाहावेच. शिवाय काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेले नाणे तळाला न टेकवता पूर्ण बुडवावे. चांदी असेल तर काटा सुमारे २.९६ ग्रॅम दाखवतो. मुलामा दिलेले पितळ असेल तर आकडा स्पष्टपणे जास्त येतो.

उत्तर ३
मुलीने स्वतःच्या पैशांतून जमवावे असे वाटत असेल, तर चीनच्या चलनी स्मारक नाण्यांचाही विचार करावा. २००३ च्या मेंढीपासून २०१४ च्या घोड्यापर्यंतची एक युआनची बारा पितळी नाणी हा पूर्ण झालेला संच आहे. २०१५ पासून तेच चक्र दहा युआनच्या द्विधातू नाण्यांवर पुन्हा मेंढीपासूनच सुरू झाले. एक युआनच्या संचात तिचा ससा २०११ चाच मिळेल.