आत्मसंयमाच्या मानसशास्त्राविषयी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. संयम वापरल्याने थकतो, हा मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रयोगांच्या आधारे मांडलेला विचार मला पटत आला होता. परंतु २०१६ मध्ये वीसहून अधिक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या पडताळणीत तो परिणाम जवळपास शून्य आढळला. समोरची एक मिठाई लगेच न खाता थांबल्यास दोन मिळतील, असे लहान मुलांना सांगून त्यांचा संयम पाहणाऱ्या वॉल्टर मिशेल यांच्या मार्शमॅलो प्रयोगाबाबतही, २०१८ च्या मोठ्या अभ्यासात कौटुंबिक पार्श्वभूमी विचारात घेताच मुलांच्या थांबण्याचा पुढील यशाशी असलेला संबंध बराच क्षीण झाला. असे असताना, न संपणारे स्क्रोलिंग आणि मालिकेचा आपोआप सुरू होणारा पुढचा भाग यांपुढे हरणाऱ्या माणसाच्या केवळ इच्छाशक्तीला दोष देणे मला अन्यायकारक वाटते. मोह आवरण्याऐवजी त्याची संधीच कमी करणे किशोरवयीन मुलांच्या बाबतीत कितपत टिकते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.