मर्क्युरिअल म्हणजे नुसतं तापट नव्हे

इथे चर्चेत एका भाऊंनी 'मर्क्युरिअल' (mercurial) या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'तापट' दिला आणि उगम थर्मामीटरच्या पाऱ्यात दाखवला. मे महिन्यात नागपुरात बसून तेच सुचणार म्हणा, इथे पारा फक्त चढतोच! पण फॅरनहाइटने पाऱ्याचा थर्मामीटर केला १७१४ साली. हा शब्द इंग्रजीत त्याच्या तीनेकशे वर्षं आधीपासून आहे.

मूळ रोमनांचा देव मर्क्युरी. व्यापाऱ्यांचा, निरोप्यांचा आणि चोरांचाही. त्याचंच नाव बुध ग्रहाला, जो ८८ दिवसांत सूर्याभोवती फेरी मारून मोकळा होतो. बुधाखाली जन्मलेला माणूस बोलका, चलाख, अस्थिर असं तिकडचे ज्योतिषी मानत. किमयागारांनी धातू ग्रहांना वाटून दिले, त्यात बुधाच्या वाट्याला पारा आला, म्हणून इंग्रजीत पाराही 'मर्क्युरी'च.

लहानपणी नागपुरातल्या महाल भागातल्या घरी माझ्या हातून थर्मामीटर फुटला होता. फरशीवरचा थेंब बोटाने दाबला तर त्याचे चार झाले, फटीपाशी घरंगळले आणि पुन्हा एक! (पाठीत धपाटा बसला तो वेगळा.) मर्क्युरिअल माणूस अस्साच, घडीत रुसवा, घडीत हसू. मराठीत 'लहरी' जवळ जातो, पण त्यात ती चलाखी नाही. मी तर सरळ 'पाऱ्यासारखा' लिहितो.