एम ४२ साठी एका फ्रेमचे एक्सपोजर किती ठेवावे?

प्रश्न:
माझ्याकडे ८० मिमीची एफ/६ दुर्बीण, रंगीत सीमॉस कॅमेरा आणि ऑटोगाइडिंग (ताऱ्याचा आपोआप माग ठेवण्याची सोय) असलेला माउंट आहे. मृग नक्षत्रातील एम ४२ या तेजोमेघाच्या ३०० सेकंदांच्या २४ फ्रेम घेतल्या, तेव्हा गाभा पांढरा पडला आणि वाऱ्याने तारे लांबट झाल्यामुळे ७ फ्रेम टाकून द्याव्या लागल्या. हेच दोन तास ६० सेकंदांच्या १२० फ्रेममध्ये विभागले, तर कडेचे फिकट धागे हरवतील का?

उत्तर १:
एक अट पाळली तर हरवणार नाहीत. फिकट भागातून मिळणारा प्रकाश एकूण वेळेवर ठरतो. वेळेचे तुकडे किती केले, याने तो घटत नाही. रीड नॉईज (सेन्सर वाचताना कॅमेऱ्याकडूनच येणारी गडबड) मात्र प्रत्येक फ्रेमबरोबर एकदा मिसळतो, त्यामुळे एक्सपोजर निदान इतके हवे, की आकाशाच्या उजेडाच्या नॉईजपुढे तो नगण्य ठरेल. माझी कसोटी अशी, की एका पिक्सेलमध्ये आकाशामुळे जमलेले इलेक्ट्रॉन रीड नॉईजच्या वर्गाच्या दहापट असावेत. मग रीड नॉईजमुळे एकूण नॉईज जेमतेम ५ टक्क्यांनी वाढतो. त्याहून लांब फ्रेमने हाती फारसे काही लागत नाही, उलट तारे जळतात (पूर्ण पांढरे पडतात) आणि एका झुळकीने पाच मिनिटे वाया जातात. आकाशाचा दर कृपया स्वतःच मोजा: चाचणी फ्रेमच्या पार्श्वभूमीतून त्याच गेनच्या (सिग्नल वाढवण्याच्या सेटिंगच्या) बायस फ्रेमचे (झाकण लावून, कमीत कमी एक्सपोजरने घेतलेल्या फ्रेमचे) मूल्य वजा करून उरलेल्या आकड्याचे इलेक्ट्रॉनमध्ये रूपांतर करा. कॅमेरा १४ बिटचा आणि फाइल १६ बिटची असेल, तर बहुधा आधी ४ ने भागावे लागते. इथे हमखास चूक होते.

उत्तर २:
हायड्रोजन-अल्फाचा अरुंद फिल्टर (हायड्रोजनचा ठरावीक लाल प्रकाशच आत सोडणारा) लावल्यास आकाशाचा उजेड फारच थोडा पोहोचतो, त्यामुळे याच कसोटीने ३०० सेकंदही कमी पडू शकतात.

प्रश्नकर्ता:
फिल्टर नाही. मोजणी केली: रीड नॉईज २ इलेक्ट्रॉन, आकाश सेकंदाला ०.८. म्हणजे ४० इलेक्ट्रॉनसाठी (२ चा वर्ग ४, त्याच्या दहापट) ५० सेकंद लागतात, तेव्हा ६० सेकंद पुरेसे आहेत. परंतु ट्रॅपेझियमभोवतीचा (गाभ्यातील तेजस्वी ताऱ्यांच्या समूहाभोवतीचा) भाग ६० सेकंदांतही पांढराच राहतो.

उत्तर १:
एम ४२ चा गाभा इतका तेजस्वी आहे, की सगळे एकाच एक्सपोजरमध्ये बसवण्याचा हट्ट धरू नये. त्याच गेनवर ५ सेकंदांच्या ३०-४० फ्रेम वेगळ्या घ्या, त्यांचे स्टॅकिंग (फ्रेम एकत्र करून एक चित्र बनवणे) वेगळे करा आणि मास्क (चित्राचा ठरावीक भागच निवडणारा थर) वापरून फक्त जळलेल्या जागी ते चित्र मिसळा. गाभ्यात प्रकाश मुबलक असल्यामुळे तिथे रीड नॉईजची चिंता उरत नाही.