मदत हवी आहे: लेकीच्या मायग्रेनसाठी एफएल-४१ चष्मा गोव्यात कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी, आम्ही फोंड्याचे. लेक चौथीत आहे. मायग्रेनचं निदान झालंय, औषध चालू आहे, पण उजेड तिला सोसतच नाही. वर्गात ट्यूबलाइट लागली की डोळे बारीक करून कपाळ दाबत बसते. मिरामारला वाळूवरच्या उन्हात तर माझ्या ओढणीत तोंड खुपसते.

एफएल-४१ या गुलाबी छटेच्या काचांबद्दल वाचलं. साधारण ४८० ते ५२० नॅनोमीटरचा निळा-हिरवा प्रकाश त्या बराच कमी करतात. १९९१ साली इंग्लंडमधल्या मुलांवरच्या अभ्यासात महिन्याला सरासरी ६.२ असलेले झटके १.६ वर आले होते. अभ्यास छोटाच, तरी आशा वाटते हो. इथल्या एका दुकानात मात्र कॉम्प्युटरचा ब्लू-कट चष्मा पुढे केला, तो वेगळा. काळा गॉगल घरात सतत लावला तर डोळ्यांना अंधाराची सवय होऊन उजेड आणखीच खुपतो, म्हणून तो नको.

पणजी, मडगाव, म्हापशात नंबरच्या काचांना ही छटा कोणी करून देतं का? लहान मुलांच्या फ्रेममध्ये? खर्च किती येतो? शाळेत डॉक्टरांची चिठ्ठी द्यावी लागली का? मुलं चिडवतील अशी तिला भीती वाटते, त्यावर तुम्ही काय केलंत तेही कृपया सांगा.