थंडीत सकाळी सुरू न होणाऱ्या गाडीविषयी सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

अ-१०१ : सर्वांना नमस्कार. नाइलाजाने लिहीत आहे. थंडी पडल्यापासून रोज पहाटे माझ्या खिडकीखाली तीच पांढरी गाडी घरघर करते आणि हे जिन्यात तोंडी सांगूनही झाले आहे. घरात तान्हे बाळ आहे. कृपया एकदाचा बंदोबस्त करावा.

ब-३०४ : ताई, आपल्याला त्रास होतो आहे याबद्दल मनापासून दिलगीर आहे. मात्र मी हातावर हात ठेवून बसलेलो नाही. गॅरेजमध्ये नवी बॅटरी बसवून घेतली, तरी पहाटे सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) मारला की इंजिन दोन-तीन वेळा कसेबसे फिरते आणि अडकते. दुपारी मात्र हीच गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते.

क-२०२ : बॅटरी बदलावी. थंडीत बॅटरीच दगा देते. बॅटरीचे आयुष्य ३ ते ५ वर्षांचेच असते.

ब-३०४ : काका, नवी बॅटरी बसवल्याचे मी वरच लिहिले आहे.

ब-१०३ : विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. पार्किंगमधल्या सामाईक मीटरवर रात्रभर चार्जर लावलेला असतो, त्याची परवानगी कोणी दिली?

सचिव : परवानगी मी दिली आहे आणि त्याची नोंद आहे. हा मुद्दा सभेत घ्यावा. तसेच हसरी चित्रे टाकणे कृपया थांबवावे, कामाचे निरोप वर वाहून जातात.

अ-४०३ : मी गाड्यांच्या दुरुस्तीत बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. थंडी सहसा नवा बिघाड निर्माण करत नाही, आधीपासून असलेला अशक्तपणा उघडा पाडते. गारठ्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट होते, म्हणजे सेल्फला जास्त करंट हवा असतो तेव्हाच बॅटरीकडून तो कमी मिळतो. इंजिन मुळी फिरतच नाही की जोमाने फिरूनही पेट घेत नाही, हे आधी ओळखावे. जोमाने फिरत असेल तर प्लग, इंधनाचा पंप किंवा तापमानाचा सेन्सर पाहावा लागतो. आपली गाडी रडत फिरते, त्यामुळे बॅटरी, वायरी, सेल्फ आणि ऑइल यांच्यापलीकडे आत्ता जाऊ नये. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच आहे ना? ५डब्ल्यू-३० हे पातळ ऑइल सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० हे घट्ट ऑइल भरले, तर थंडीत ते फारच जड पडते.

ब-३०४ : ऑइल पुस्तिकेत लिहिलेलेच आहे, काका. आज सकाळी बॅटरीला व्होल्ट मोजायचा मीटर लावला होता. गाडी बंद असताना १२.५ व्होल्ट आणि सेल्फ मारताना बॅटरीवर १०.८ दाखवतो.

अ-४०३ : मग बॅटरीला दोष देऊ नका. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते आणि सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जाऊ लागली तर संशय घ्यावा. आपली १०.८ वर टिकते आणि तरीही सेल्फ सुस्त आहे, म्हणजे वाटेत कुठेतरी करंट अडतो आहे किंवा सेल्फ स्वतःच थकला आहे. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण खांबावर धरा, क्लॅम्पवर म्हणजे वायरीच्या पकडीवर नव्हे, खुद्द खांबावर. दुसरी इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूवर. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटरने अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवले, तर अर्थच्या, म्हणजे बॅटरीचा ऋण खांब बॉडीला जोडणाऱ्या, वायरीत किंवा तिच्या जोडात दोष आहे. एका वेळी १० सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नये, मध्ये विश्रांती द्यावी, नाहीतर तोही जळेल.

क-२०२ : एवढा खटाटोप कशासाठी? बॅटरी बदलावी.

अ-१०१ : काका, त्यांनी ती बदललेली आहे, हे मला गाडीतले काही कळत नसतानाही आता पाठ झाले आहे.

ब-१०३ : थंडीत गाडी सुरू करून पंधरा-वीस मिनिटे तशीच चालू ठेवावी. मी रोज ठेवतो, मला कधी अडचण आली नाही.

अ-४०३ : हे मात्र कृपया थांबवावे. आपण तळघरात इंजिन चालू ठेवता आणि त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग किंवा वास नसतो. वरच्या मजल्यावर लहान मूल आहे. अर्ध्या मिनिटाने गाडी हळू चालवायला घेतली की इंजिन लवकर तापते.

ब-१०३ : सल्ला मागितला नव्हता, तरी आभारी आहे.

ब-३०४ : चाचणी केली. मीटरने १.४ व्होल्ट दाखवले. शिवाय सेल्फ मारून झाल्यावर अर्थची वायर जिथे बॉडीला बोल्टने आवळलेली आहे तिथे हात लावला, तर तो जोड चांगलाच गरम लागला.

अ-४०३ : सापडले. करंट अडतो तिथेच जोड तापतो. ऋण क्लॅम्प सोडवून बाजूला ठेवा, मग तो बोल्ट काढा, वायरीचे टोक आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, पक्का आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. त्यानंतरच क्लॅम्प परत जोडा.

ब-३०४ : काम झाले. बोल्टखाली गंजाचा जाड थर होता आणि वायरीच्या टोकावर हिरवट भुकटी साचली होती. घासल्यावर त्याच चाचणीत ०.१ व्होल्ट आले. आज पहाटे गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. गॅरेजमध्ये कोणी पाच मिनिटे मीटर धरला असता, तर बॅटरीचा खर्च वाचला असता.

अ-१०१ : आज आवाज आला नाही, हे खरे आहे. आभार.

क-२०२ : तरीही जुन्या बॅटऱ्या असणाऱ्यांनी त्या बदलाव्यात.

ब-१०३ : माझी डिझेल गाडीही अलीकडे सकाळी बराच वेळ सेल्फ घेते आणि पांढरा धूर सोडते. म्हणून ती चालू ठेवावी लागते.

अ-४०३ : मग हीटर प्लग, म्हणजे सुरू करण्याआधी सिलिंडर गरम करणारे प्लग, तपासू. चावी फिरवल्यावर स्प्रिंगसारखे चिन्ह विझेपर्यंत थांबता का? चारपैकी एखादा प्लग गेला असेल, तर थंड सिलिंडरमध्ये डिझेल पेटत नाही आणि न जळता धूर होऊन बाहेर पडते. गाडी रात्रभर थंड राहिल्यावरच हे नीट कळते, त्यामुळे रविवारी सकाळी बघू, पण गाडी ढकलून उघड्यावर आणू.

अ-१०१ : कृपया आठनंतर करावे.