एलईडी इंडिकेटरची भराभर उघडझाप : मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या जुन्या मोटारीच्या इंडिकेटरमधील २१ वॅटचे बल्ब काढून मी एलईडी बसवले, तेव्हापासून ते फार वेगाने उघडझाप करतात. एलईडी अगदी कमी करंट घेत असल्याने फ्लॅशर रिलेला (इंडिकेटरची उघडझाप घडवणाऱ्या स्विचला) बल्ब उडाल्यासारखे वाटते, एवढे कारण मला समजले आहे. नाशिकच्या द्वारका परिसरातील मेकॅनिकने प्रत्येक बल्बला समांतर रेझिस्टर (जादा करंट घेणारा रोधक) जोडण्यास सुचवले, परंतु तो बराच तापतो आणि वाचलेली वीज उष्णतेत घालवणे मला काही पटत नाही. त्याऐवजी एलईडीला चालणारा रिले बसवला, तर हॅझर्ड दिवेही (सगळे इंडिकेटर एकदम लावल्यावर) नीट चालतील का? हेडलाइटचे हॅलोजन मी बदललेले नाहीत, कारण त्यांच्यासाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमधून एलईडीचा प्रकाश विखुरतो आणि कसारा घाटात समोरच्याचे डोळे दिपवणे बरे नव्हे. नाशिकमध्ये असा रिले कोणी बसवून घेतला असल्यास कृपया कळवावे.